ताई बसली की लागणारा दिवा

पुलाचा चढ निम्मा चढून झाला होता. मागे पाण्याचा एक टँकर हॉर्नवर हात ठेवूनच येत होता. आणि नेमका तेव्हाच गाडीच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला, त्याखाली ‘हायब्रिड सिस्टिम तपासा’ अशी अक्षरं उमटली आणि गाडीने मान टाकली. म्हणजे ती अगदी बंद पडली नाही. पण नुकतं आजारातून उठलेलं माणूस जिना चढतं तशी चढू लागली.

“छोट्या, डावीकडे घे! अरे, ती स्कूटर जाऊ दे आधी. आता घे. थांब! हां, आता!” मागच्या सीटवरून ताईचा आवाज आला.

छोट्या म्हणजे गाडी चालवणारे गृहस्थ. साठी उलटलेले, डोक्यावर नावापुरते केस, आणि हयात गेलेली ग्रंथपालाच्या नोकरीत. नुसती भुवई उचलून अख्खं वाचनालय चिडीचूप करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या गाडीत सख्खी बहीण काही गप्प करता येत नव्हती. ही हायब्रिड गाडी त्यांनी घेतलीच मुळी शांततेसाठी. शोरूममध्ये विक्रेत्याने बटण दाबलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “चालू कधी करणार?” तो म्हणाला, “सर, चालूच आहे.” ग्रंथपालांनी पुढचं काही विचारलंच नाही. फक्त अशा शांततेत ताईचा आवाज दुप्पट ऐकू येईल, एवढं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांचा दर रविवारचा नेम होता. दुपार कलली की ताईला तिच्या फ्लॅटवरून घ्यायचं, गावाबाहेरच्या तलावावर जायचं, बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायचा आणि दिवेलागणीच्या आत परतायचं. चालवणार ग्रंथपाल, शेजारी त्यांची बायको, आणि मागे डाव्या बाजूला ताई. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एक्स्चेंज कधीच मोडीत निघालं, पण तिचा आवाज तसाच राहिला. सत्तरी पार केली तरी लांबच्या गावाला ऐकू जाईल असाच बोलायची. पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ती रस्त्यावरचं सगळं सांगत राहायची. कुत्रा आला, म्हातारा थांबला, बस पुढे घुसली, सिग्नल पिवळा होतोय. त्या नादात वहिनीच्या केसांतली एखादी पिन तिच्या मुठीत यायची, ती वेगळीच.

त्या दिवशी गाडी कडेला घेऊन बंद केली, पुन्हा चालू केली, तर दिवा गायब. जणू काही झालंच नव्हतं.

सोमवारी ग्रंथपालांनी गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या टाय लावलेल्या सल्लागाराने कॉम्प्युटर जोडला, दोन बटणं दाबली आणि डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसा चेहरा केला. “बॅटरीचं व्होल्टेज मोजणारा सेन्सर आहे ना, सर, तो गेलाय. कोडच तसा आलाय. बदलून टाकू.”

सेन्सर बदलला. आठवडाभर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली. रविवारी तलावाच्या वळणावर ताई म्हणाली, “छोट्या, डावीकडून मेंढ्या येतायत,” आणि टिंग! दिवा लागला.

“सर, आता बॅटरीच बदलू या,” टायवाला दुसऱ्या खेपेला म्हणाला.

“एक मिनिट,” मागून आवाज आला. कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवलेली एक मुलगी गाडीखालून बाहेर आली. हायब्रिड गाड्यांची दुखणी शोधणं हे तिचं काम. “ताप दिसला म्हणून तुम्ही थर्मामीटर बदलला. आता पेशंटच बदलायचा?”

टायवाल्याला एक महत्त्वाचा फोन आठवला आणि तो आत गेला. ग्रंथपालांच्या बायकोने त्या क्षणापासून मुलीचं नाव डॉक्टरीणबाई ठेवलं.

“काका, मी साध्या शब्दांत सांगते,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “ही एक बॅटरी नाही, खूप छोट्या बॅटऱ्यांची रांग आहे. एकेकीची नाडी बघायला एकेक बारीक वायर. त्या वायरींवरून सेन्सरला निरोप जातो, ही ठीक, ती ठीक. तुमच्या गाडीत मध्येच एकीचा निरोप येतो, ‘मी गेले.’ आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर तीच म्हणते, ‘आहे की!’ मी प्रत्यक्ष मीटर लावून मोजलं. बॅटरी ठणठणीत आहे. मेल्याची बातमी तेवढी खोटी आहे. ती खोटी कुठे होते, ते शोधायचंय.”

“शोधा की मग.”

“शोधायला ती माझ्यासमोर व्हायला हवी ना!”

तिने गाडी ठेवून घेतली. खड्ड्यांतून नेली, पाण्याखाली धुतली, उन्हात तापवली, मागच्या सीटवर वाळूची पोती टाकून फिरवली. गाडीने एवढ्याशा तक्रारीचा सूर काढला नाही. दात दुखतोय म्हणून दवाखान्यात जावं आणि खुर्चीत बसताक्षणी दुखणं पळून जावं, तशातली गत. शेवटी तिने गाडी परत दिली आणि सांगितलं, “दिवा लागेल तेव्हा लक्ष ठेवा. वेग किती होता, चढ होता का, गाडीत कोण होतं.”

हा शेवटचा मुद्दा ग्रंथपालांनी सोडून दिला. त्यांच्या बायकोने नाही. जेवताना ती हळूच म्हणाली, “अहो, मी म्हणते म्हणून राग मानू नका. पण वन्सं बसल्या की दिवा लागतो.”

“काहीतरीच काय!”

“भाजीला जाताना लागतो का? बँकेत जाताना? नाही ना? मग?”

ग्रंथपाल घास हातात धरून विचार करू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोलाच मागे बसवून गावभर फिरवलं. दिवा नाही. मग शेजारच्या वकिलांना, ‘चला, चक्कर मारू’ म्हणून बळेच मागे घातलं. वकील चांगले भरभक्कम, वाटेत दोनदा घोरले, पण दिवा नाही. रविवारी ताई बसली आणि गल्लीचं तोंड ओलांडायच्या आत दिवा हजर. ग्रंथपालांनी बायकोकडे बघितलं. बायकोने खिडकीबाहेर बघितलं.

इथवर सगळं निभावण्यासारखं होतं. ग्रंथपालांनी डॉक्टरीणबाईला तसा निरोप पाठवला, आणि गाडीतला फोन आपोआप गाडीच्या स्पीकरवर लागतो, हे ते विसरले. ते तिघे तलावाच्या वाटेवर असताना फोन वाजला. ग्रंथपालांचं बोट सवयीने हिरव्या बटणावर गेलं.

“काका,” चारही बाजूंनी डॉक्टरीणबाईचा आवाज घुमला, “तुमचा निरोप मिळाला. म्हणजे फॉल्ट तुमच्या ताईंमुळेच येतो, असं पक्कं धरायचं ना? मग असं करा, काही दिवस त्यांना न घेता गाडी चालवून बघा. प्रॉब्लेम सुटला, तर—”

ग्रंथपालांनी आवाज कमी करायला बटण दाबलं ते नेमकं वाढवण्याचं निघालं.

“—तर समजायचं, की प्रॉब्लेम त्याच होत्या!”

गाडीत अशी शांतता पसरली, की ग्रंथपालांनी आयुष्यभर ज्या शांततेची वाट बघितली होती ती हीच असावी. पण ती आता त्यांना सोसवेना.

“छोट्या,” ताई म्हणाली, “गाडी थांबव.”

“ताई, अगं तसं नाही—”

“समोर बस स्टॉप आहे. डावीकडून काही येत नाहीये. थांबव.”

ती उतरली, पर्स काखेत मारली आणि बसच्या रांगेत ताठ उभी राहिली. ग्रंथपालांनी काच खाली करून गयावया केली. रांगेतल्या लोकांना वाटलं, हा कोणी तरी बाईंना त्रास देतोय. एकाने तर बाह्या सरसावल्या. तेव्हा त्यांना निघावंच लागलं.

त्यानंतर ताईने फोन उचलणं सोडलं. जिने जन्मभर परक्यांचे फोन जोडून दिले, तिने सख्ख्या भावाची लाइन कापली. रविवारी नवराबायको दोघंच तलावावर गेले. गाडी बिनबोभाट चालली. दिवा नाही, आवाज नाही. ग्रंथपालांनी पहिल्या दिवशी “वा, काय शांत वाटतंय!” असं म्हणून पाहिलं. बायकोने “हो” म्हटलं, आणि बाकावर बसून दोघांनी चहा संपवला. ताईच्या वाटणीचा कप थर्मासमध्येच गार झाला. पुढच्या रविवारी त्यांनी शांततेचं नाव काढलं नाही.

मध्ये डॉक्टरीणबाईचा फोन आला. ग्रंथपालांनी तो गाडीतून उतरून, खिडक्या बंद करून, झाडामागे जाऊन घेतला.

“काका, मी फार वेंधळेपणा केला. पण गाडी अशी सोडून चालणार नाही. कुठेतरी वायर घासली जातेय. आज दिवा लागतोय, उद्या भर हमरस्त्यात गाडीच उभी राहील. फॉल्ट माझ्यासमोर यायलाच हवा. आणि त्यासाठी ताई हव्यात.”

“ती येणार नाही.”

“तुम्ही जाऊन आणा.”

ताईने दार साखळीपुरतंच उघडलं. फटीतून एक डोळा दिसला.

“काय काम आहे?”

“ताई, वर्कशॉपमध्ये तुझी गरज आहे.”

“कशाला? मला बदलून नवी बसवणार आहेत?”

“अगं, गाडीचं दुखणं फक्त तुझ्यासमोर बाहेर येतं. बॅटरी चांगली आहे म्हणे. तिचा निरोप घेऊन येणारी वायर मधेच कुठेतरी दगा देते.”

फटीतला डोळा जरा बारीक झाला. “म्हणजे सबस्क्रायबर बरा आहे. लाइनीत खरखर आहे.”

“तसंच!”

“मग एवढे दिवस सबस्क्रायबरला कशाला धुवत बसलात? लाइन तपासा.” साखळी निघाली. “बस आत. पण एक सांगते, तिथे सगळ्यांसमोर तू म्हणायचंस, की माझी ताई म्हणजे फॉल्ट नाही. मोठ्याने. वाचनालयातल्या आवाजात नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ठेवणीतले कपडे आणि मोत्याची कुडी घालून वर्कशॉपमध्ये दाखल झाली. ग्रंथपालांनी कबूल केल्याप्रमाणे ते वाक्य म्हटलं. मोठ्याने म्हणायची सवय नसल्यामुळे आवाज फाटला, आणि पलीकडे टायर बदलणाऱ्या दोघांनी पाना खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरीणबाईने पुढच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेतला. टायवाला चालवायला बसला. ताई मागे डावीकडे बसली, पण कशी? पाठ टेकून, हात मांडीवर, ओठ मिटून. वर्कशॉपच्या आवाराला दोन फेऱ्या झाल्या. लॅपटॉपवर सगळ्या बॅटऱ्यांचे आकडे एका रांगेत शहाण्यासारखे उभे.

“काही नाही,” डॉक्टरीणबाई हिरमुसली.

“मी म्हटलंच होतं,” टायवाला म्हणाला, “बॅटरीच—”

“त्या अशा बसतच नाहीत,” बाहेर उभी असलेली ग्रंथपालांची बायको म्हणाली. “आणि या साहेबांनी चालवून काय उपयोग? हे नीट चालवतात. यांना चालवू द्या.” तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

ग्रंथपालांना हा अपमान गिळावा लागला. ते स्टिअरिंगवर बसले. ताईने आणखी घट्ट ओठ मिटले; आज काही झालं तरी बोलायचं नाही, अशी शपथच घेऊन आली होती. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. ग्रंथपालांनी आरशात बघितलं, तर ताईचा गळा आतल्या आत हलत होता. फाटकाशी डाव्या अंगाने टायरांची थप्पी लादलेली एक हातगाडी उताराने येऊ लागली, ग्रंथपाल आरशातच बघत राहिले, आणि—

“छोट्या, डावीकडे! ब्रेक!”

ताई उसळून सीटच्या अगदी कडेवर आली, पुढची सीट तिने दोन्ही हातांनी आवळली, ग्रंथपालांनी ब्रेकवर पाय रोवला. टिंग! पिवळा दिवा!

“आला! आला!” डॉक्टरीणबाई सीटवरच उडी मारायची बाकी राहिली. रांगेतला एक आकडा थेट शून्यावर पडला होता. “ताई, हलू नका! आता मागे टेका... गेला बघा, आकडा वर आला. परत पुढे या... पडला! परत मागे... वा! ताई, जरा एकदा ओरडून दाखवता?”

“उगाच कशी ओरडणार? काहीतरी यायला नको का डावीकडून?”

मग टायवाला स्वतः डावीकडून पळत आला. ताईने त्याच्यावर असा काही आवाज टाकला, की त्याच्या हातातला फोन पडला.

पुढचं काम सोपं होतं. डॉक्टरीणबाईने मोठ्या बॅटरीचा मुख्य खटका काढून ठेवला, वीज उतरायला वेळ दिला, हातमोजे चढवले आणि मागची सीट उचलली. बॅटरीच्या कडेने सेन्सरकडे जाणाऱ्या बारीक वायरींची जुडी होती. तिला जागेवर धरणारी चिमटी निसटली होती आणि जुडी सरकून सीटच्या पुढच्या लोखंडी कडेखाली आली होती. एका वायरीचं वेष्टण पार घासलेलं. पाठ टेकून बसलेल्या वकिलांचं वजन मागे पडत होतं, वाळूच्या पोत्यांचंही. कडेवर येऊन बसणारं माणूस या गाडीत एकच होतं.

“ताई,” वायर बदलता बदलता डॉक्टरीणबाईने सहज विचारलं, “पण तुम्ही नेहमी अशा कडेवरच का बसता? पाठ दुखत नाही?”

ताई काही बोलली नाही. ती न बोलण्याचं ग्रंथपालांना इतकं नवल वाटलं, की त्यांनी मान वळवून बघितलं.

“सवय आहे,” ती शेवटी म्हणाली. “बाबांच्या गाडीपासूनची.”

बाबांची गाडी ग्रंथपालांना आठवत होती. बाबा औषधांच्या दुकानांना माल पोचवायचे. गाडी जुनीपुराणी, तिचा डावा दरवाजा दोरीने बांधलेला, आत कायम खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास. सुट्टीत बाबा दोघा पोरांना बरोबर न्यायचे. छोट्या खोक्यांच्या मध्ये झोपून जायचा. ताई मात्र मागे उभी राहून, पुढच्या सीटला धरून, अखंड बडबडत असायची. घरी आल्यावर आई म्हणायची, “अगं, जरा जिभेला विसावा दे.” अख्ख्या नात्यागोत्यात तिचं नाव वटवटी पडलं होतं.

“बाबांना डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं,” ताई म्हणाली. “कारखान्यात काहीतरी उडालं होतं म्हणे. कुणाला कळलं असतं तर गाडी गेली असती, आणि गाडी गेली की कामही गेलं. मला तेवढं माहीत होतं. मला म्हणाले, ‘तू डावीकडचं सांगत जा. पण नुसतं डावीकडचं सांगितलंस तर छोट्याला संशय येईल, कुठेतरी बोलेल. सगळंच सांग. झाड दिसलं तर झाडही सांग.’ म्हणून मी सगळंच सांगायची. मग ते सुटलंच नाही बघ. आताही गाडी सुरू झाली की वाटतं, डावीकडे कोणाचं लक्षच नाही.”

“आणि तू कधी बोलली नाहीस?” ग्रंथपालांचा आवाज पुन्हा फाटला.

“एवढी बोलत होते, त्यात आणखी काय बोलू?”

खोक्यांच्या मध्ये आपल्याला किती गाढ झोप लागायची, ते ग्रंथपालांना आठवलं. वर कुठेतरी तो आवाज चालू असायचा. पूल आला, म्हैस आली, आता उतार आहे बाबा. तो आवाज थांबला की त्यांना जाग यायची आणि डोळे उघडून बघावं तर घर आलेलं असायचं. वाहत्या रस्त्याचा आवाजच तसा असतो, असं त्यांना कितीतरी वर्षं वाटत होतं.

डॉक्टरीणबाईने सीट बसवली, खटका लावला, गाडी चालू केली. ताईला तिने कडेवर बसवून चांगली दहा वेळा पुढेमागे व्हायला लावलं. एकही आकडा हलला नाही. टायवाल्याने आपल्या हाताने ताईसाठी दार उघडलं आणि तिचा फोन नंबर मागून घेतला. ग्रंथपालांना वाटलं, रीतसर नोंद ठेवायची असेल.

रविवारी त्यांनी दुपारपासूनच थर्मास भरून ठेवला आणि ताईला फोन लावला. पहिल्या घंटेला उचलला.

“ताई, निघतोय गं आम्ही.”

“आज नाही रे जमणार, छोट्या. वर्कशॉपमधून गाडी येतेय मला न्यायला.”

“वर्कशॉपमधून? कशाला?”

“कुणाची तरी इलेक्ट्रिक गाडी आहे. चालता चालता मध्येच बॅटरी रिकामी दाखवते, आणि यांच्यासमोर काही करत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, ताई, एकदा बसून बघाल का? आणि तो टायवाला चालवणार आहे म्हणे, म्हणजे मला जायलाच हवं. त्याचं डावीकडे अजिबात लक्ष नसतं. ठेवते, हॉर्न वाजला.”

ग्रंथपाल आणि त्यांची बायको दोघंच निघाले. नवी वायर आपलं काम चोख करत होती. गाडी इतकी शांत, की थर्मासमधला चहा डुचमळलेला ऐकू यावा. बाजार संपला, शाळा मागे पडली, तलावाच्या रस्त्याला लागायच्या आधीचा चौक आला. ग्रंथपालांनी गाडी उभी केली. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. रस्ता मोकळा होता. गाडी हलेना.

मागून एकाने हॉर्न दिला, मग दुसऱ्याने. सायकलवरचा एक मनुष्य काचेतून डोकावून गेला.

“अहो,” बायको म्हणाली, “रस्ता रिकामा आहे. थांबलात कशाला?”

ग्रंथपालांनी आरशातून मागच्या सीटकडे बघितलं.

“कोणी ‘चल’ म्हणालंच नाही.”